पोर शानी झाली

शाळेत प्रार्थनेला उभी असताना रोशनीला चक्कर आली. बाईंचा फोन आला तेव्हा सोनाबाई खारघरच्या नाक्यावर मासे विकत होती. पाटी शेजारणीच्या हवाली करून ती शाळेत आली आणि पोरीला घेऊन थेट कामोठ्याच्या सरकारी दवाखान्यात गेली.

"हिला रगत कमी हाय का बघा," तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. "दहावीचा वरीस हाय."

डॉक्टर पद्मजांनी पापणी ओढून पाहिली, रक्तदाब घेतला, तपासणीसाठी रक्त काढायला लावलं. मग ड्रॉवरमधून एक कागद काढला. "बारा वर्षांपुढच्या सगळ्याच मुलांकडून आम्ही हा भरून घेतो. आई, तुम्ही दहा मिनिटं बाहेर बसा."

कागदावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? झोप? भूक? आपण कुचकामी आहोत असं वाटणं? पुढे चार रकाने, 'अजिबात नाही'पासून 'जवळजवळ रोज'पर्यंत. रोशनीने पेन उचललं. पहिल्याच रकान्यात सरसकट खुणा करून मोकळं होता आलं असतं. पण खोटं बोलायलाही जोर लागतो, आणि तेवढा जोर तिच्यात उरला नव्हता. जे होतं तिथे तिने खूण केली. शेवटचा प्रश्न मरून जावंसं वाटण्याचा होता. 'काही दिवस', तिने खूण केली आणि कागद परत दिला. वाण्याला यादी द्यावी तसा.

पद्मजांनी तो शांतपणे वाचला. प्रत्येक खुणेला शून्य ते तीन गुण होते; बेरीज सत्तावीसपैकी एकोणीस आली.

"मरावंसं वाटतं, तेव्हा काय मनात येतं?"

"काही नाही. सकाळ झाली नाही तर बरं, एवढंच."

"जीव द्यायचा असं कधी ठरवलंस? तसं काही केलंस?"

"नाही." ती म्हणाली, "ठरवायचाही कंटाळा येतो."

"कधीपासून असं आहे?"

रोशनीने आठवायचा प्रयत्न केला. गणपतीत ती नाचली नव्हती. त्याच्या आधी मैत्रिणीशी भांडण झालं होतं, पण त्याचंही आता काही वाटत नव्हतं. कापसातून ऐकावं तसं सगळं लांबून ऐकू यायचं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"तू मला सांगितलंस त्यातलं बरंचसं माझ्याजवळच राहील. पण हे शेवटचं आईला सांगावं लागेल. तुझ्यासमोर सांगते. चालेल?"

"सांगा."

सोनाबाई आत आली. डॉक्टर बोलत होत्या तोवर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, चुकी व्हतेय तुमची. आधी ही घर डोक्यावर घ्यायची. आता सांगीन ते काम करते, उलटा बोलत नाय. मी आख्ख्या गल्लीला सांगत फिरते, माजी पोर शानी झाली." तिने रोशनीकडे पाहिलं. "शानीच झाली ना ग तू?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलेलं रोशनीला दिसलं. आपल्यालाही आता रडू यायला हवं, असं तिला वाटलं. आलं नाही.

घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात ठेवायची, पोरीला एकटं सोडायचं नाही आणि दर गुरुवारी समुपदेशक मॅडमकडे आणायचं, असं ठरलं. रोशनीचा बाप दयाराम उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला, तो फोनवर म्हणाला, "अभ्यास नको म्हनून नाटका हायत." सोनाबाईने वाद घातला नाही. फोन ठेवला आणि गुरुवारी मासे विकायला बसणं बंद केलं.

मग ती पोरीच्या मागेच लागली. झोपायला शेजारी, गच्चीवर पाठोपाठ, मोरीच्या दाराशीही उभी. तीन गुरुवार असेच गेले. मॅडम विचारायच्या, रोशनी उत्तरं द्यायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी सोनाबाई कोलंबी सोलत बसली होती. नजर पोरीवर होती.

"सारखं काय बघतेस गं!" रोशनी एकदम ओरडली. "मरत नाहीये मी! जा ना तिकडे!"

सोनाबाईच्या हातातली कोलंबी परातीत पडली. "वरडतेस कोनावर?" तीही ओरडली. "आई हाय मी तुजी!" दोघींची चांगलीच जुंपली. शेजारीण दारात येऊन बघून गेली. रोशनीचे गाल तापले होते. मग तिला रडू फुटलं. घाणेरडं, नाक वाहणारं. सोनाबाईचे हात कोलंबीने बरबटलेले, म्हणून तिने कोपरांनीच पोरीला जवळ ओढलं.

दोन दिवसांनी, गुरुवारी, दवाखान्यात रोशनीने तोच कागद पुन्हा भरला. बेरीज पंधरा आली.

"अजून बरीच आहे," पद्मजा म्हणाल्या. "यायचं थांबवू नका."

बाहेर रिक्षा मिळेना. रोशनीने विचारलं, "किती दिवस यायचं असं?"

"मना काय म्हाईत?" सोनाबाई म्हणाली. "चल, नाक्यापरेंत चालत जाऊ."

रोशनीचे पाय जड होते. चार पावलं मागून ती चालत राहिली.