पानफुटीचा रस

बाबांच्या दोन्ही मूत्रपिंडांत गाठी निघाल्या तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात आधी कुणाला? मी नाही म्हटलं. परशुराम काका तरुणपणीच गेले होते, पण मुतखड्याने, असंच आम्ही भावंडं ऐकत आलो होतो.

बाबा गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. आजार आनुवंशिक निघाला होता. पेशीतलं एक जनुक प्राणवायूच्या टंचाईचे खोटे इशारे दाबून ठेवतं, ते म्हणाले. ते बिघडलं की भरपूर प्राणवायू असतानाही पेशीला गुदमरल्यासारखं होतं. ती नव्या रक्तवाहिन्या मागवते. तिथे दाह होतो, शरीर आपल्या पेशी मदतीला धाडतं, आणि त्यातल्याच काही गाठीला पोसू लागतात. तुम्ही दोघं बहीणभाऊ तपासून घ्या. लहान असताना सापडली तर गाठ काढता येते.

मी तिथून थेट नवघरला घरी आले. सत्यवती आत्या मुतखड्यावर देतात ती पानफुटीची पानं वाटत होती. धाकट्या भावाची, हृतिकची कंबर धरली होती, लघवीतून रक्त गेलं होतं. आणि रविवारी त्याचा भूमिकाशी साखरपुडा.

"खडा हाय," आत्या म्हणाली. "दुसरा कायपन न्हाय."

मी विचारलं, काकांनाही खडाच होता? तिचा हात थांबला. काकांना गाठच होती, ती म्हणाली. घरात असला रोग आहे कळलं तर पोरींना कोण करणार, म्हणून खडा म्हणायचं ठरलं. ठरवलं बाबांनी.

गाठी सापडण्याआधी वर्षभर, मी घरी आले की बाबा माझ्यादेखत हाच रस प्यायचे. तोंड वाकडं करून म्हणायचे, विरघळतोय बघ. परत गेल्यावर मी फोनवर विचारायचे, खडा पडला का? ते हसायचे.

"साखरपुडा होऊन दे, मंग सांग," आत्या हळूच म्हणाली. "भूमिकाची मानसं मागं फिरतील."

हृतिक बाहेर आला आणि त्याने रसाचा पेला उचलला. मी तो त्याच्या हातातून घेऊन मोरीत ओतला.

"काय करतेयस ताई? आत्याने तासभर वाटलाय तो."

मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं.

"बाबांना माहीत होतं?"

"हो."

मग त्याने भूमिकाला फोन लावला. रविवारचं राहू दे, म्हणाला, आधी सोनोग्राफीला जायचंय, येशील का? पलीकडचं ऐकताना त्याने माझा हात घट्ट धरला होता.

आत्या पाटा धुऊ लागली. बाबांच्या तसबिरीचा हार सुकला होता. नवा मी आणला होता. तो पिशवीतच राहिला.