तीन घंटा

"म, ट, ख. ध्यानात ठेवा. आता पन्नासपासून उलटे आकडे म्हणा," प्राध्यापक वझलवार म्हणाले.

"पन्नास, एकोनपन्नास, अठ्ठेचाळीस..." नवाब म्हणू लागला. थोड्याच वेळात प्राध्यापकांनी हात वर केला.

"थांबा. अक्षरं सांगा."

नवाबने तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. आत्ता तर कानात होती!

"नाई आठोत, साहेब."

कोपऱ्यात बसलेल्या खाणीच्या मॅनेजरने समाधानाने पाय पसरले.

चांद्याजवळच्या त्या कोळसा खाणीत नवाबचा जन्म इंजिनघरात गेला होता. खाणीत उतरणारी लोखंडी डोली त्याच्या हातातल्या दांड्यावर चाले. कोळशाची खेप असली की एक घंटा, माणसं असली की तीन. माणसं जपून, हळू सोडायची. उन्हाळ्यात एका सकाळी तीन घंटा झाल्या. नवाबचा हात दांड्याकडे निघाला, तेवढ्यात हजेरीबाबूने खिडकीतून विचारलं, "नवाब, इतवारी आला का कामावर?"

"नाई, त्याले ताप हाय," नवाब म्हणाला. अन् हाताने कोळशाच्या वेगाने डोली सोडली.

डोली तळाशी आदळली. आतले बाकीचे मजूर खरचटण्यावर सुटले. पत्रूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीत विचारलं, "दारू पेला होता का?" पाच वेळच्या नमाजी नवाबने फक्त कानांना हात लावले. शेवटी त्याचं डोकं तपासायला हे प्राध्यापक नागपूरहून आले होते.

"आता तुम्ही या," प्राध्यापक मॅनेजरला म्हणाले.

मॅनेजर हसत खुर्चीवर बसला. तीन नवी अक्षरं, उलटे आकडे, आणि मग तोही अडखळला. कान लाल झाले.

"यात बुद्धीचा प्रश्न नाही," प्राध्यापक म्हणाले. "मन दुसरीकडे गुंतलं की नुकतंच ऐकलेलं क्षणात पुसलं जातं. कुणाचंही. माझंसुद्धा."

नवाबने गमछा तोंडाला लावला. त्या रात्री कित्येक दिवसांनी त्याला झोप लागली.

नोकरी वाचली, पण इंजिन सुटलं. त्याला खाणीतले दिवे पुसायला बसवलं. त्याचंही त्याला वाईट वाटलं नाही. शुक्रवारी नमाज आटोपून तो पत्रूच्या घरी गेला.

पत्रू अंगणात खाटेवर पडला होता. त्याची बायको सुगंधाबाई नवाबला पाहताच आत निघून गेली.

"पत्रूभाऊ, थो साहेब म्हनते, हे सगळ्याइचंच होते. मॅनेजर बी इसरला. साहेब सोता बी इसरते."

पत्रू कोपरावर भार देऊन उठला.

"मनजे, कोनाचाच दोष नाई?"

"तसंच म्हनते."

"जो पाय नाई थोच रातभर ठनकते, नवाबभाई. तवा मी तुले शिव्या देत पडतो. शिव्या देता देता उजाडते. सगळ्याइचंच होते मनतेस, मंग मी राग कोनावर धरू?"

नवाबच्या ओठांवर प्राध्यापकांचं बोलणं होतं. त्याने ते गिळलं.

"माह्यावरच धर, भाऊ. साहेबाले काय मालूम? घंटा मी आयकली होती."

पत्रूने डोळे मिटले. ऊन सरकत खाटेवर आलं. नवाब उठला, पत्रूसकट खाट निंबाच्या सावलीत ओढली आणि पायथ्याशी जमिनीवर बसला.

पत्रूने हलक्या आवाजात पहिली शिवी दिली. नवाब मान खाली घालून ऐकत राहिला.