टोपणावरची रेघ

तिनं श्वास रोखला आणि ब्रशच्या टोकाला उरलेल्या दोन-तीन केसांनी छोट्या विमानाच्या डाव्या पंखावर रेघ ओढली. पांढरी, जेमतेम मिलिमीटरभर. पेट्रोलच्या टाकीच्या टोपणावरून निघून ती पंखावर उतरली, मधे कुठंही तुटली नाही. सरळ, सुबक आणि धडधडीत खोटी.

तीन वाजले होते. पाचला काकू विमान न्यायला येणार होत्या.

धंद्यानं ती दातांच्या कवळ्या बनवायची आणि उरलेल्या वेळात विमानांची मॉडेलं. "दिवसा लोकांच्या तोंडात खोटं बसवते, घरी आली की टेबलावर खोटं मांडते," असं तिचे बाबा चिडवायचे. पण तिचं खोटं ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. रिव्हेटांच्या रांगा, धुरानं काळवंडलेली इंजिनाची कड, वैमानिकाच्या बुटांनी झिजवलेला रंग, सगळं जिथल्या तिथं. फोटोत दिसेल तेच रंगवायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा तिचा नियम. तो नियम तिनं आज, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा मोडला होता.

हे मॉडेल ज्या विमानाचं, ते टपालाचं, दोन इंजिनांचं. पस्तीस वर्षांपूर्वी एका सकाळी ते समुद्राच्या दिशेनं उडालं आणि परत आलंच नाही. सांगाडासुद्धा मिळाला नाही. चौकशी झाली, ढीगभर कागद काळे झाले आणि शेवटी कारण 'अज्ञात' असं लिहून सगळे मोकळे झाले. मोकळे न झालेले दोघं. विमान चालवणाऱ्याची बायको, म्हणजे काकू. आणि त्या विमानाची निगा राखणारा मिस्त्री, म्हणजे बाबा.

त्यानंतर वर्षभरात बाबांनी नोकरी सोडली आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागले. विमानतळावरची एकच सवय त्यांनी घरी आणली. टाकीचं टोपण घट्ट फिरवून झालं की टोपणावरून पंखावर एक रेघ ओढायची. पुढं कधीही टोपण नीट बसलं की रेघेचे दोन तुकडे जुळणार, कमी फिरलं की तुटलेले दिसणार. लांबून एक नजर टाकली तरी पुरे. घरात साखरेचा डबा, गॅसचं बटण, औषधाची बाटली, सगळ्यांवर ही रेघ. आई असेपर्यंत म्हणायची, "अहो, साखर काय उडून जाणार आहे?" सगळे हसायचे. बाबा कधीच हसले नाहीत.

अकरा महिन्यांपूर्वी काकूंनी एक फोटो तिच्या हातात ठेवला होता. त्याच सकाळचा, उडण्याआधीचा, काकूंनीच उंचावर चढून काढलेला. "यात आहे तस्संच पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. बाकी सगळं झालं, आणि परवा डाव्या पंखाचे बारकावे राहिले म्हणून तिनं तो फोटो कवळ्यांच्या कामाच्या भिंगाखाली धरला. टोपणावरची रेघ एकीकडे होती, पंखावरची दुसरीकडे.

तिनं भिंग पुसून पुन्हा बघितलं. तसंच होतं. टोपण अर्धवट बसलं असेल तर उडताना निघून जातं, आणि पंखावरून धावणारा वारा टाकीतलं पेट्रोल शोषून बाहेर काढतो. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, ती आठ वर्षांची असताना.

दोन दिवस ती धड जेवली नाही. मग तिनं ठरवलं की बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, नजर अधू, आता हे त्यांच्या पानात वाढायचं नाही. रेघ जुळवून टाकायची. फोटो काकूंबरोबर परत जाईल, विषय संपेल.

"झालं का?" दारातून आवाज आला.

तिनं फोटो वहीखाली सरकवला. बाबा काठी टेकत आले, खुर्चीत बसले आणि खिशातून स्वतःचं भिंग काढलं. नाकावरून सुरुवात केली, इंजिनं बघितली, शेपूट बघितली. "चाकांना चिखल लावलास? शाब्बास. वैमानिकसाहेब चिखलातूनच आणायचे विमान." मग भिंग डाव्या पंखावर आलं आणि तिथंच थांबलं.

"रेघ काढलीस."

"हो."

"फोटोत दिसते?"

"दिसते की."

"जुळलेली?"

"जुळलेली," ती म्हणाली.

बाबांनी भिंग पुसलं, घडी घातलेल्या रुमालात ठेवलं. "बरं," एवढंच म्हणाले. फोटो दाखव म्हणाले नाहीत. जो माणूस पंपाच्या वॉशरची पावतीसुद्धा दोनदा वाचतो त्यानं फोटो मागू नये, हे तिला खटकलं. पण खटकून करायचं काय? पाच वाजेपर्यंत दोघं त्या टेबलाशी बसून राहिले.

काकू पाचाच्या ठोक्याला आल्या. फोटो मागून घेतला आणि विमानाभोवती सावकाश फिरू लागल्या. "हा पोचा टपालाच्या ढकलगाडीनं पडलेला. बरोबर. हा दुसऱ्या रंगाचा पत्रा. बरोबर." त्यांचं बोट शेपटीकडून पुढं सरकत होतं. डाव्या पंखावर बोट थांबलं.

"पोरी, हे चुकलंय गं."

"काय, काकू?"

"ही रेघ. फोटोत तुटलेली आहे. बारीकशीच गोष्ट, पण पस्तीस वर्षं बघतेय मी हा फोटो, तोंडपाठ आहे मला. कसली रेघ असते ही?"

"फोटोवरचा ओरखडा असेल तो," ती घाईघाईनं म्हणाली. "जुना कागद आहे, काकू, भिंगाखाली…"

"ओरखडा नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

"पस्तीस वर्षं तेच केलं." ते काठीवर जोर देऊन उभे राहिले. "वहिनी, ती माझी रेघ. टोपण बसलं की जुळते. त्या दिवशी मी टोपण फिरवत होतो, कुणीतरी हाक मारली, मी पंखावरून उतरलो. परत चढलो की नाही, शपथेवर सांगता येईना. चौकशीत म्हटलं, चढलो. हाताला मात्र माहीत होतं. तुमच्या माणसाला मी मारलं."

काकू आता काय बोलतील, फोटो फेकतील की विमान, या भीतीनं ती टेबलाची कड घट्ट धरून बसली. काकू खाली बसल्या. फोटो बाबांपुढं सरकवला.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "उडण्याआधी टोपणं कोण तपासतं?"

"वैमानिक. विमानाला फेरी मारून. एकेका टोपणाला हात लावून."

"मग तो कुठं उभा आहे बघा."

फोटोत तो उजव्या पंखापाशी उभा होता, एक हात वर करून हसत.

"फेरी नुकतीच सुरू केली होती त्यानं. मी टपालाच्या गाडीच्या टपावर चढले आणि ओरडले, थांब, फोटो काढते. फिल्ममध्ये एकच फोटो उरला होता आणि त्यात मेलं बटण अडकलं. पाच-सात मिनिटं गेली. उशीर झाला म्हणून सगळे ओरडायला लागले. तो तसाच हसत आत चढला. डावीकडे गेलाच नाही." त्यांनी चष्मा काढला. "त्या बाजूला काय बघायचं राहिलं, हे विचारायची हिंमत झाली नाही मला. म्हणून विमान करून घेतलं. वाटलं, डावी बाजू हातात धरून बघितली तर कळेल."

बाबांचे डोळे वाहत होते. ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"ती रेघ पूस," ते लेकीला म्हणाले. "खोटी आहे."

तिनं टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवला आणि अलगद फिरवला. रेघ गेली. बाबांनी हात पुढं केला, तेव्हा तिला कळलं की त्यांना ब्रश हवाय. ब्रश त्यांच्या बोटांत इतका थरथरत होता की रंग टेबलावर सांडला.

"थांबा, मिस्त्री." काकूंनी फोटो बाजूला ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि एका हातानं पंख धरला, दुसऱ्या हातानं बाबांचं मनगट. "मी धरते. तुम्ही ओढा."

एक तुकडा टोपणावर. ब्रश उचलला. दुसरा पंखावर, थोडा लांब. दोन्ही जाड आले, वाकडे आले, मापात तर मुळीच नव्हते. केसाएवढी चूक दिसली तरी रात्रभर घासत बसणाऱ्या तिनं त्यांना हात लावला नाही, तसेच वाळू दिले.