दार लावून दिलेली परीक्षा

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसाढवळ्या दार लावलं की त्याचा अर्थ एकच, घरात काहीतरी बिघडलंय. त्यामुळे शनिवारी सकाळी अनुजाच्या खोलीचं दार बंद दिसलं आणि सगळी गॅलरी अस्वस्थ झाली. मी शेजारचाच, मीही बाहेर आलो.

अनुजा दारासमोर पोलिसासारखी उभी. आत तिचा धाकटा भाऊ हितेंद्र नोकरीसाठी कोडिंगची ऑनलाइन परीक्षा देत होता. त्याच्या कंपनीने दिवाळीनंतर निम्मी टीम घरी बसवली, त्यात हाही. कोड आता एआय लिहितं म्हणे. तेव्हापासून हा पोरगा मोबाइलवर नोकरकपातीच्या बातम्या वाचायचा आणि अर्ध्या जेवणावरून उठायचा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी बोलावलं होतं.

गंमत बघा, परीक्षा घेणारं सॉफ्टवेअर अनुजाच्याच परळच्या स्टार्टअपचं. कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला की परीक्षा तिथल्या तिथे बंद, हा नियम तिनेच लिहिलेला. ते सॉफ्टवेअर पहिल्यांदा विकलं गेलं तेव्हा चाळीत पेढे वाटले होते तिने. "अगं, आपल्याकडे माणसं येत-जात असतात," मी म्हटलं होतं. तर मला म्हणाली, "काका, ज्याला नोकरीची गरज आहे तो तासभर एकटा बसू शकतो." मला राग आला होता, आजही येतो. एका खोलीत सहा जणांत वाढलेली ही पोरगी, हिला कधी मिळालं होतं एकटं बसायला?

"दार कित्याक लावलंस गो? कोणाक बरा नाय काय?" कोपऱ्यातल्या खोलीतली रखमा कालवणाची वाटी घेऊन आली.

"परीक्षा आहे मावशी. हळू बोल ना, प्लीज."

रखमा वाटी घेऊन माघारी गेली. मग पलीकडच्या खोलीतला राजाराम आला, त्यालाही तिने परतवलं. खालच्या मजल्यावर कुणी गाणी लावली तर धावत जाऊन बंद करायला लावली. वर येऊन पुन्हा येरझाऱ्या. सगळं लक्ष आतल्या कीबोर्डच्या टकटकीकडे.

मग टकटक थांबली.

"अडकला वाटतं," ती कुजबुजली.

"विचार करत असेल. तू बस बघू जरा," मी म्हणालो.

बसते कुठली! नखं खाल्ली, दाराला कान लावला. आणि मी हात धरायच्या आत तिने खिडकीवरची चादर सारून आत डोकावलं.

हितेंद्र खिडकीकडे पाठ करून बसला होता. त्याच्या खांद्यावरून तिला स्क्रीन दिसला, आणि कॅमेऱ्याला ती. आतून बारीकशी घंटी वाजली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, परीक्षा बंद झाल्याचा.

दार उघडलं. हितेंद्र ओरडला असता तर बरं झालं असतं. "सोडवलं होतं ताई सगळं," तो म्हणाला. "शेवटचं एकदा वाचून बघत होतो."

अनुजाला रडू आवरेना. "मी सांगते ना त्या कंपनीला, ती मी होते म्हणून. तू कॉपी नाही केलीस."

"कसं सांगशील? रिपोर्ट गेलासुद्धा त्यांच्याकडे. माझं म्हणणं मांडायचं बटण कुठाय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये?"

सगळी गॅलरी तिच्याकडे बघत होती. तिने ओढणीने डोळे पुसले.

"नाहीये रे," ती म्हणाली. "पुढच्या व्हर्जनमध्ये टाकणार होते मी."