ड्रायव्हरचं ताट

मी सुरत कानांनी खाल्ली. इंदूरही. बऱ्हाणपूरची मावा जिलेबी किती काळी असते, इंदुरात पोह्यांवर शेव कधी टाकतात, सुरतेला लोचो खाताना तेल किती हवं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. यातलं काहीही मी चाखलेलं नाही.

माझे मिस्टर संघपाल सत्तावीस वर्षं खासगी ट्रॅव्हल्सवर ड्रायव्हर होते. जळगाव-सुरत ही त्यांची नेहमीची लाइन. मालकाला माणूस कमी पडला की इंदूर, कधी पुणे. तिसऱ्या दिवशी यावलला घरी यायचे, आंघोळ करायचे आणि माझ्या शिलाई मशीनशेजारी स्टूल ओढून बसायचे. मग सुरू व्हायचं. कुठल्या गावात काय खाल्लं, कुणाच्या हातचं, वाफ कशी आली, पहिला घास कसा गेला. मी ब्लाउजला अस्तर लावता लावता "मग?" म्हणायची. माझं काम तेवढंच.

बांधून मात्र कधी काही आणलं नाही. म्हणायचे, "पदार्थ गाडीत बसला की मरतो." एकदोनदा मी म्हटलं, मग मलाच गाडीत बसवा. तर म्हणाले, सुट्टीच्या दिवशी परत त्याच रस्त्याला कोण जाईल. तेही खरं होतं. आणि लग्नसराईत माझ्याकडे पन्नास-पन्नास ब्लाउज पडलेले असायचे, तेही खरं होतं. अशा दोन खऱ्या गोष्टींमध्ये आमची सत्तावीस वर्षं गेली.

त्यांचा सगळ्यात लाडका पदार्थ लांबचा नव्हता. पारोळ्याच्या अलीकडे हायवेला एक धाबा आहे, तिथली शेवभाजी. "रस्सा असा घट्ट, की भाकरीचा तुकडा उभा राहतो," हे सांगायचे. "शेव शेवटी टाकतात, ताट समोर आल्यावर. दाताखाली वाजते. आणि कळण्याची भाकरी तव्यावरून थेट हातात." ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी मी रोज करते. पण माझ्या भाकरीबद्दल त्यांनी असं स्टूल ओढून कुणाला सांगितलं असेल, असं वाटत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या गालात आतून फोड आला. गाडीवर झोप येऊ नये म्हणून तंबाखू धरलेली, ती त्याच गालात असायची. ऑपरेशन झालं. मग धुळ्याला रेडिएशनचे शेक दिले, तेहतीस. शेक संपले तेव्हा फोड गेला होता आणि चवही गेली होती. डॉक्टर म्हणाले, चव येईल परत, कुणाला सहा महिने लागतात, कुणाला वर्ष. आणि कुणाला अर्धीच येते.

यांनी वाट बघायचं सोडून दिलं. पेज दिली तर म्हणायचे, माती. वरण दिलं, पिवळी माती. दूध दिलं, पांढरी माती.

"निदान रंग तरी कळतोय," मी म्हटलं. हसले नाहीत.

एकाहत्तर किलोचा माणूस साडेपंचेचाळीसवर आला. मागच्या खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला न घेता, त्यांच्यासमोरच सांगितलं, "पंधरा दिवसांनी वजन करू. पंचेचाळीसच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्याशिवाय इलाज नाही." यांनी चपला घातल्या. घरी आल्यावर बोलले. "नळी घालायची असेल तर मला धुळ्याला नेऊ नकोस. इथंच राहू दे." इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मला वाटलं, खिडकी लावून घे म्हणतायत.

ते पंधरा दिवस त्यांनी रोज दोन वाट्या पेज घेतली. माझ्याकडे बघून घेतली, एवढंच. घरात वजनाचा काटा नव्हता. पण सदऱ्याची बटणं मी लावत होते, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला माप टेपशिवायही कळतं.

तपासणीच्या दिवशी वेळ दुपारी तीनची होती. मी सकाळचीच गाडी धरली. जळगावला बस बदलली, आणि पारोळ्याच्या अलीकडे तो धाबा दिसल्यावर कंडक्टरला म्हटलं, इथं उतरायचंय.

"इथं कशाला?" हे म्हणाले. ऑपरेशनपासून त्यांचा आवाज घोगरा झालाय.

"मला भूक लागलीय."

"डबा आहे ना पिशवीत?"

"तो मी रोज खाते. तुम्ही खाऊ नका. नुसते बसा."

ते उतरले. पण आत गेल्यावर कोपऱ्यातलं टेबल धरलं, भिंतीला पाठ आणि तोंड रस्त्याकडे. मफलर वर ओढून घेतला. गल्ल्यावर एक तरुण माणूस होता, जुन्या मालकाचा मुलगा असावा. त्याने यांना ओळखलं नाही. यांनी ओळख दिली नाही.

मी शेवभाजी मागवली. ताट आलं. सत्तावीस वर्षं ऐकलेलं ताट माझ्यासमोर होतं. मी घास घेतला.

रस्सा पातळ होता. मोठ्या पातेल्यातला, गर्दी बघून पाणी वाढवलेला. शेव भिजून वातीसारखी झाली होती. भाकरी गार. तिखट मात्र भरपूर, बाकीचं झाकायला घालतात तसं.

"सांग," हे म्हणाले.

मी वर बघितलं. आमच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. सांगायचं ते, ऐकायचं मी, अशी आमची वाटणी होती. आता ते माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, शेक संपल्यापासून पाच महिन्यांत पहिल्यांदा कशाची तरी वाट बघितल्यासारखे.

मग मी खोटं बोलले. त्यांचीच वाक्यं त्यांना परत दिली. रस्सा असा घट्ट, की तुकडा उभा राहतो. भाकरी तव्यावरून थेट हातात.

"शेव वाजली दाताखाली?"

"वाजली."

"मला ऐकू नाही आली."

त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. रस्सा भाजीपासून सुटून कडेला गेला होता. "हे ते नाही," ते म्हणाले. "हे पब्लिकचं."

"पब्लिकचं म्हणजे?"

त्यांनी पाण्याचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. मग सांगितलं. धाब्यावर दोन भाज्या शिजतात. एक मोठ्या पातेल्यात, गाडीतल्या लोकांसाठी. एक छोट्या कढईत, ड्रायव्हर-क्लीनरसाठी. आत पडद्यामागे त्यांचं टेबल असतं. गाडी याच धाब्यावर थांबावी म्हणून ते ताट. त्याचे पैसे घेत नाहीत, आणि पैसे देऊन ते मिळतही नाही.

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? चाळीस माणसं माझ्या भरवशावर उतरायची. मी थांबवली म्हणून उतरायची. बाहेर हे खायची, आणि मी आत बसून ते." मफलर सारखा केला. "एकदा एक म्हातारी गाडीत चढताना म्हणाली होती, भाऊ, चांगल्या ठिकाणी थांबवत जा रे. मी हो म्हटलं. पुढच्या फेरीला परत इथंच थांबलो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. त्या म्हातारीसाठी थोडा आलाही. पण पाच महिन्यांत ते एका दमात एवढं बोलले नव्हते.

"मग आता मागा ते ताट," मी म्हटलं. "ओळख सांगा."

"गाडी आणल्याशिवाय ते ताट मागत नसतात." त्यांनी मान हलवली. "खाऊन घे. निघू."

मी ती गार भाकरी तोडत बसले. पिशवीत फाइल होती. फाइलीत मागच्या खेपेचा कागद, त्यावर साडेपंचेचाळीस. मला वाटलं, चुकलंच आपलं. माणसाला घरून आणून त्याची एक चांगली आठवण नासवली, आणि आता इथून नेऊन नळी घालणार.

तेवढ्यात सुरतकडे जाणारी एक गाडी आत वळली. लोक उतरले, संडासाकडे धावले. ड्रायव्हर उतरला, पोट सावरत आमच्या टेबलाजवळून आत निघाला. हे गाडीकडे बघत होते.

"मागचं डावं चाक बसलंय," हे म्हणाले. "हवा बघून घे."

ड्रायव्हर थांबला. मागे वळला. आधी चाकाकडे बघितलं, मग यांच्याकडे. मफलरातल्या त्या तोंडाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"संघपालभाऊ?"

"तोताराम."

"तू वळखूच नही उना, भाऊ." तो समोरच्या खुर्चीवर बसलाच. तोताराम अमळनेरकडचा, एकाच मालकाकडे दोघांनी दहा वर्षं काढलेली. माझ्याकडे वळून म्हणाला, "जयभीम वहिनी. तुमच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात मी लई. हा आपला डबा मला द्यायचा अन् स्वतः आतलं ताट हाणायचा."

हेही मला नवीनच होतं.

"अन् तू आठे काबरं बठना?" इथं का बसलास, असं त्याने यांना विचारलं. "पब्लिकमध्ये?"

"मी पब्लिकच आता."

"चाल, ऊठ. जास्त बोलू नको."

त्याने यांना दंडाला धरून उठवलं. धरल्यावर त्याच्या हाताला काय लागलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तोंडाने म्हणाला, "बारीक झाला ते बरं केलं. आपल्या दोघांत स्टिअरिंग कोणाच्या पोटाला लागतं, एवढाच वाद होता."

आतल्या टेबलावर ताटं यायला लागली तसा गल्ल्यावरचा मुलगा पडद्यातून डोकावला. "काका, गाडी एक अन् ताटं जास्तीचे?"

"या माणसाने सत्तावीस वर्षं गाडी आणली तुझ्या बापाकडे," तोताराम म्हणाला. "तू तेव्हा चड्डीत फिरायचा. जाय, दही आण."

मुलगा गेला. दही आलं.

आणि मग ते ताट. छोट्या कढईतली भाजी, वर तेलाचा तवंग, शेव वेगळ्या वाटीत. मी शेव टाकली, तुकडा बुडवला, घास घेतला. शेव वाजली. भाकरी इतकी गरम, की बोटं झटकावी लागली.

"सांग," हे म्हणाले.

या वेळी मी खरं सांगायचं ठरवलं. एका दिवसात एकच खोटं पुरे.

"चांगली आहे. पण तुम्ही सांगायचात तेवढी नाही."

"म्हणजे?"

"खोबरं जास्त भाजलंय. किंचित करपल्याचा वास आहे. तुमच्या सांगण्यात तो कधी नव्हता."

तोताराम हसायला लागला. हे नाही हसले. चिडले. खरंच चिडले. "करपलेलं नाही ते. काळा मसाला आहे, खोबरं तसंच भाजतात. तुला कळत नाही."

"मीच खातेय ना?"

"दे इकडे."

डॉक्टरांनी तिखटाला सक्त मनाई केली होती. हे मला माहीत होतं, यांनाही होतं. मी ताट सरकवलं नाही, पण अडवलंही नाही. त्यांनी करंगळी रश्श्यात बुडवली आणि जिभेवर टेकवली.

डोळ्यांतून पाणी आलं. खोकला आला. मी पेला धरून उभी राहिले आणि मनात स्वतःला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या. तोताराम पाठीवर हात फिरवत होता.

खोकला थांबला. ते तोंड थोडं उघडं ठेवून बसले.

"चव नाही," ते म्हणाले. "पण जाळ कळला."

मग दह्याची वाटी स्वतःकडे ओढली, जाळ विझवायला. एक चमचा, दुसरा. तिसऱ्याला म्हणाले, "गार आहे." मी भाकरीचा मऊ पदर काढला, दह्यात कुस्करला. ते खात गेले. प्रत्येक घासाला थांबायचे, पाणी घ्यायचे, गिळताना मान खाली घालायचे. तोतारामचे प्रवासी बाहेर हॉर्न वाजवायला लागले. तो जाऊन त्यांना सांगून आला, की चाकात हवा नाही, वेळ लागेल. खरंच नव्हती. अर्धी भाकरी आणि दह्याची वाटी संपायला पस्तीस मिनिटं लागली. मी आयुष्यात कुणाला इतकं लक्ष देऊन जेवताना बघितलं नाही.

धुळ्यापर्यंत आम्ही तोतारामच्या गाडीत केबिनमध्ये बसून गेलो. हे पूर्ण रस्ताभर समोर बघत होते, आणि वळण आलं की त्यांचा उजवा पाय जरा दाबला जायचा.

दवाखान्यात नर्सने चपला काढायला लावल्या. यांनी घालूनच चढायचा प्रयत्न केला होता, हे मी नमूद करते. काट्यावर आकडा हलला, थांबला. पंचेचाळीस आणि वर दोनशे ग्रॅम.

मला हिशोब कळला. ते दोनशे ग्रॅम म्हणजे अर्धी भाकरी, वाटीभर दही आणि पाणी, बाकी काही नाही. शरीरावर नव्हते, नुसते पोटात होते. डॉक्टरांनाही कळलं असणार. त्यांनी आकडा लिहिला, चष्म्यावरून बघितलं.

"काठावर आहात," ते म्हणाले. "पंधरा दिवस देतो. त्यात किलोभर तरी वाढलं पाहिजे, नाहीतर नळी. आज काय खाल्लं होतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण यांनी समोरचं स्टूल पुढे ओढलं.

तो स्टूल ओढल्याचा आवाज मी ओळखते.

"शेवभाजी, साहेब," घोगऱ्या आवाजात ते म्हणाले. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "मी नाही, हिने. मी दही-भाकरी. पारोळ्याच्या अलीकडे एक धाबा आहे. तिथं दोन ताटं असतात. बाहेरचं पातळ, शेव भिजलेली, त्यात काही नाही. आणि एक आत. त्यात खोबरं जास्त भाजतात, ही म्हणते करपतं…"

बाहेर नंबर लागलेले लोक दारातून बघत होते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं नव्हतं, पण लिहीतही नव्हते. हे एकेक ताट सांगत होते, बाहेरचं आधी, आतलं नंतर, काही न लपवता. मी फाइल मांडीवर घेऊन शेजारी बसले. मध्येच ते दम घ्यायला थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

"मग?" मी म्हटलं.