गार्नेटने न उच्चारलेलं वाक्य

पहिली लाथ बरगडीत बसली तेव्हा गार्नेट डिक कॉफी ओतत होता. दुसऱ्याने हातातलं काचेचं भांडं हिसकावून त्याच्याच तोंडावर फोडलं. विनिपेगमधल्या त्या सुटलेल्या कैद्यांच्या वसतिगृहात, भर सकाळी, तिघांनी त्याला भिंतीला लावून तुडवलं. प्रत्येक लाथेबरोबर एकच शब्द : चुगलखोर. काच डाव्या डोळ्यात गेली.

निमित्त होतं लॉरेटा कूझिकच्या प्रबंधात गार्नेटच्या तोंडी आलेलं एक वाक्य : 'तुरुंगातल्या दंगलीनंतर मी पहारेकऱ्यांना नावं सांगितली.'

लॉरेटा तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स होती. भोसकलेली पोटं शिवता शिवता, ही माणसं एकमेकांना का फाडतात, हा प्रश्न तिच्या मागे लागला आणि चाळिशी उलटल्यावर ती विद्यापीठात गेली. गार्नेट तिच्याशी मोकळेपणी बोलला. अडखळत, शिव्या देत. ते रेकॉर्ड केलेलं बोलणं आटोपशीर करायला तिने एआयला दिलं. गार्नेटला विचारलंही नाही. मार्गदर्शक ऑस्लंडसरांनी बजावलं होतं, वापरा, पण लपवू नका, आणि ओळन् ओळ मूळ आवाजाशी ताडून बघा. सुरुवातीच्या ओळी तिने ताडल्या. पुढचा मजकूर इतका सफाईदार होता की तो तसाच सोडला आणि प्रकरण मुलाखती दिलेल्या सगळ्यांना वाचायला पाठवलं. नाव बदललेलं होतं, पण त्या दंगलीनंतर हात मोडलेला स्वयंपाकी एकच होता : गार्नेट.

गार्नेटला नेलं होतं त्या इस्पितळाच्या आवारात, गाडीत बसून तिने मूळ आवाज ऐकला. गार्नेट म्हणत होता, हात मोडला त्यांनी माझा, तरी नावं नाही सांगितली.

ती वर गेली आणि त्याला सगळं सांगितलं. त्याने पडल्या पडल्या तिचं मनगट धरलं आणि पिळलं. हाड करकरलं. तिने कुणाला हाक मारली नाही.

"मशीनने लिहिलं म्हणता. वर नाव कुणाचंय, सिस्टर?"

"माझं."

त्याने हात सोडला.

विद्यापीठाच्या समितीपुढे तिने हेच सांगितलं. ऑस्लंडसर मान खाली घालून बसले होते. प्रकरण रद्द झालं, पदवी लांबली. पुढे संदर्भांची यादी लावायला तिने एआय वापरलं आणि तसं प्रबंधात नोंदवलंही. माणसांचे शब्द मात्र तिने स्वतः ऐकून, प्लॅस्टरमधल्या हाताने सावकाश उतरवले.

नवा मजकूर घेऊन ती गार्नेटकडे गेली. डोळ्याच्या जखमेमुळे त्याला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून तिनेच वाचून दाखवला. शिव्या आल्या तशा वाचल्या. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने रेडिओ बंद केला.

"हात मोडला त्यांनी माझा," तिने वाचलं.

गार्नेटने बोट वर केलं. "इथे मी थांबलो होतो."

ती थांबली. त्याने मान हलवेपर्यंत पुढचा शब्द तिने वाचला नाही.