वस्तादांचे एकोणीस किलो

मी मूठ मोजणारं यंत्र बोलतोय. दचकू नका. माझ्या डब्यावर 'डायनामोमीटर' असं भारदस्त नाव छापलेलं आहे, पण ते इकडं कुणाच्या जिभेवर नीट बसलंच नाही. सांगलीच्या ज्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात मी नांदलो, तिथला शिपाई मला 'दाबायचं घड्याळ' म्हणायचा. मला ते नाव पसंत आहे. गोल तबकडी, तिच्यावर शंभरपर्यंत किलोचे आकडे आणि खाली एक दांडा. दांडा मुठीत धरून जीव खाऊन दाबायचा, की सुई सांगते तुमच्या हातात किती जोर आहे ते.

सुया मला दोन आहेत. काळी सुई मूठ सुटली की शून्यावर परत येते. तांबड्या सुईला ती पुढं ढकलत नेते आणि जिथवर नेलं तिथंच सोडून देते. त्यामुळं माणसानं मागाहून कितीही सारवासारव केली तरी आकडा जागचा हलत नाही. याचा मला त्या काळी फार ताठा होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. एकाहत्तर साली रेल्वेनं मिरजेला आलो, तिथून टांग्यानं सांगलीला आणि तिथून थेट कपाटात. तीन वर्षं मी काचेतून बाहेर बघत बसलो होतो. पाहुणे आले की तेवढं बाहेर निघणं व्हायचं. तेवढ्यात मी माणसं मात्र पुष्कळ ओळखली. दाबायच्या आधी प्रत्येकजण कोण बघतंय का ते बघतो. दाबताना दात आवळतो. दातांचा इथं काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आणि दाबून झालं की स्वतःचा आकडा सोडून शेजाऱ्याचा किती आला ते विचारतो. एका साहेबांनी तर मला दोन्ही हातांनी दाबलं आणि हात ओला होता म्हणून आकडा कमी आला, असं सांगून ते चहाला गेले.

चौऱ्याहत्तर साली ज्ञानूनं मला कपाटातून काढलं, तेव्हा कुठं मला काम मिळालं. ज्ञानू तासगावकडच्या एका खेड्यातला, ऊसवाल्या घरातला. कॉलेजच्या हजेरीपटावर त्याचं नाव ज्ञानदेव होतं. तो शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गात होता आणि त्याला प्रबंध लिहायचा होता. त्याचे मार्गदर्शक केळकर सर मोठे शिस्तीचे गृहस्थ. विद्यापीठात खेळाच्या अभ्यासाची नवी प्रयोगशाळा निघत होती आणि तिथं एकच संशोधक विद्यार्थी घेणार होते. ज्याचा प्रबंध नवं काही सांगेल, त्याचं नाव सर कळवणार होते. ते नाव आपलं असावं म्हणून ज्ञानूचा जीव खालीवर होत होता. नाही जमलं तर थोरला भाऊ उसाच्या फडात त्याची वाटच बघत होता.

ज्ञानूनं विषय निवडला तोही त्याच्या घरचाच. कॉलेजातल्या खेळाडूंच्या मुठीत जोर जास्त की तालमीतल्या पैलवानांच्या, हे मोजून दाखवायचं. त्याच्या गावच्या तालमीचे वस्ताद लालासाहेब म्हणजे त्याचे सख्खे चुलते. त्यांना तो तात्या म्हणायचा. लष्करात कुस्ती गाजवलेला माणूस. पेन्शनीवर आल्यावर काही वर्षं कोयनानगरच्या वसाहतीत पहारेकरी होते आणि मग गावात येऊन त्यांनी तालीम हातात घेतली. सगळा गाव त्यांना वचकून असायचा.

पौष महिना होता. जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. तालमीत चौतीस पैलवान अंगाला माती लावून रांगेत उभे. वस्तादांच्या आधी कुणी मला हात लावणार नाही हे उघडच होतं, म्हणून ज्ञानूनं मला पहिल्यांदा त्यांच्याच उजव्या हातात दिलं.

त्यांनी दाबलं. बाहेरच्यांना दिसलं ते एवढंच, की वस्ताद शांत उभे आहेत आणि तांबडी सुई एकोणीसवर थांबली आहे. मला आतून कळलं ते वेगळंच होतं. त्या हातानं काहीही राखून ठेवलं नव्हतं. पन्नाशीच्या पैलवानाचा हात आणि एकोणीस किलो. शाळेतली पोरंसुद्धा याहून जास्त दाबतात.

पोरं सुईकडं आणि वस्तादांकडं आळीपाळीनं बघू लागली. मग वस्तादांनी मला सावकाश खाली ठेवलं आणि म्हणाले, "जत्रा तोंडावर आलीया. आपला जोर कागदावर लिवून गावोगाव कशाला फिरवायचा? बेतानं दाबा."

पोरांचे चेहरे खुलले. वस्तादांनी मुद्दाम कमी दाबलं, असं जो तो समजला. आणि वस्ताद एकोणीसवर थांबल्यावर विसावर जायची कुणाची छाती? एकेक दांडगा गडी यायचा, बोटाच्या टोकांनी मला गोंजारल्यासारखं करायचा आणि सतरा-अठरावर सोडून द्यायचा. गुंडा नावाचा एक पैलवान तेवढा भोळेपणानं अठ्ठावन्नवर गेला. वस्तादांनी नुसतं बघितलं, तसा तो कान धरून म्हणाला की चुकून झालं, आणि दुसऱ्या खेपेला अठरावर आला. ज्ञानूनं तोच आकडा मांडला. मला मात्र त्या दिवशी रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. मी दाखवत होतो ते सगळं बरोबर होतं आणि त्यातून कळत होतं ते सगळं चूक. फक्त एकच आकडा खरा होता आणि नेमका तोच सगळ्यांना खोटा वाटत होता.

केळकर सरांनी वही बघितली आणि चष्मा काढला. पैलवानांपेक्षा टेबल टेनिसवाले दुपटीनं जोरदार निघाले, असं त्या वहीचं म्हणणं होतं. त्यांनी आधी माझ्यावरच संशय घेतला. मला उलटं टांगून वजनं लटकवली. मी हूं न करता दहाला दहा आणि पन्नासला पन्नास दाखवले. सर म्हणाले, यंत्र बरोबर आहे, म्हणजे माणसांनी चूक सांगितलंय. एक तर मार्चअखेर पुन्हा मोजून आण, नाहीतर तालीम वगळून नुसत्या कॉलेजातल्या मुलांवर लिही. तसे प्रबंध आधीच चार पडले होते, त्यामुळं प्रयोगशाळेची जागा मग विसरावीच लागणार होती.

खोलीवरच्या मित्रानं सोपी वाट दाखवली. पैलवान आहेत तर पन्नास-पंचावन्न असे आकडे टाकून दे, कोण बघायला येतंय? ज्ञानूनं पेन्सिल उचलली. पहिलंच नाव लालासाहेबांचं होतं. एकोणीस खोडून त्यानं त्यापुढं बावन्न लिहिलं. पुढच्या नावाशी मात्र त्याचा हात अडला आणि त्यानं वही मिटली. मी शेजारीच टेबलावर होतो. त्याचा राग आला म्हणावं तर रागही येईना, कारण त्यानं तो आकडा फसवायला लिहिला नव्हता. आपल्या चुलत्याचा हात एवढा असणारच, असं तो मनापासून मानत होता.

जत्रा उरकली. माघ सरता सरता ज्ञानू मला घेऊन पुन्हा गावी गेला. दुपारची वेळ होती. वस्ताद घरी ओसरीवर बसले होते आणि साळूबाई, त्यांची मंडळी, पाणी घेऊन आल्या. तांब्या त्यांनी न सांगता नवऱ्याच्या डाव्या हाताला दिला. ज्ञानूनं ते बघितलं नाही. तो पिशवीतून वही काढत होता.

वस्तादांनी वही मागून घेतली. फौजेत लिहायवाचायला शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचू लागला आणि पहिल्याच ओळीला थांबला.

"ह्यो बावन्न कुणाचा रं?"

"तुमचा, तात्या."

"मी कवा दाबला एवढा?"

ज्ञानू खाली बघत म्हणाला, "तुमी मुद्दाम कमी दाबलंत. तुमचा हात मला ठावं न्हाई व्हय?"

"न्हाई ठावं," वस्ताद म्हणाले आणि त्यांनी मला उचललं. उजव्या हातात धरून दाबलं. मानेची शीर फुगली. साळूबाई तोंड फिरवून आत गेल्या. तांबडी सुई एकोणीसवर थांबली. मग त्यांनी डाव्या हातानं दाबलं, तर ती एक्केचाळीसवर गेली.

कोयनेच्या भूकंपात वसाहतीतली एक भिंत त्या उजव्या हातावर पडली होती. हाड जुळलं पण जोर परतला नाही. गावी येताना त्यांनी हात बरा झाला असंच सांगितलं आणि सात वर्षं तोंडानं आणि काठीनं तालीम चालवली. हात गेलेल्या वस्तादाकडं पोरं कोण पाठवील, ही त्यांची धास्ती. घरात एकट्या साळूबाईंना ठाऊक होतं. ज्ञानू ऐकत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"माझ्यापायी तू खोटं लिवलंस," वस्ताद म्हणाले. "बावन्न खोड. एकोणीस लिव."

त्या संध्याकाळी तालमीत ते पुन्हा रांगेपुढं उभे राहिले. सगळ्यांदेखत त्यांनी मला उजव्या हातानं दाबलं आणि तबकडी पोरांकडं फिरवली. माझ्या हातात आता एवढंच हाय, म्हणाले. मागल्या खेपेला माझी लाज राखाया मी तुमचा जोर दाबून धरला. आज ज्याचा जेवढा हाय तेवढा दाखवा.

पहिला गुंडा आला. एवढा धिप्पाड गडी, पण त्यानं मला धरलं आणि एकोणीसला येऊन थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा एकोणीस. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडलं. तेव्हा वस्ताद पुढं झाले. आपला तो उजवा हात त्यांनी गुंडाच्या मुठीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "दाब, गड्या."

सुई त्रेसष्टवर गेली. आजवर एवढ्या मुठी मला लागल्या, पण एकावर एक दोन हात तेवढ्या एकाच वेळी लागले. अर्थात तो आकडा धरता येत नाही, म्हणून ज्ञानूनं गुंडाला पुन्हा एकट्यानं दाबायला लावलं. एकसष्ट आले. पाठोपाठ बाकीचे तेहतीस आले आणि दिवस मावळायच्या आत माझी स्प्रिंग दमून गेली. आयुष्यात एवढं सुख मला दुसऱ्यांदा मिळालं नाही. तालमीतला एकही पोरगा पुढं कमी झाला नाही, हेही सांगून ठेवतो.

प्रबंधात पहिल्या क्रमांकाला लालासाहेबांचं नाव आहे. उजवा एकोणीस, डावा एक्केचाळीस, उजव्याला भूकंपातली जुनी दुखापत. केळकर सरांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, या एका ओळीवर निराळा अभ्यास होईल. ज्ञानूला प्रयोगशाळेची जागा मिळाली आणि त्यानं तोच अभ्यास हाती घेतला. दुखावलेल्या हाताला व्यायामानं किती जोर परत आणता येतो, ते बघायचं. त्याच्या वहीत पहिलं नाव पुन्हा तात्यांचंच. दर तीन महिन्यांनी वस्ताद एस.टी.नं सांगलीला येतात, ज्ञानूही विद्यापीठातून येतो आणि मला बाहेर काढतात. एकोणीसचे वीस झाले, मग बावीस. चार वर्षं झाली.

आता एकोणऐंशी साल चालू आहे आणि माझं वय झालंय. स्प्रिंग सैलावली आहे. गेल्या महिन्यात वस्तादांनी दाबलं आणि मी सव्वीस दाखवले. त्यांचा चेहरा उजळला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते सव्वीस नव्हते. ज्ञानूनं सकाळीच मला वजन लावून बघितलं होतं. त्याला सगळं ठाऊक होतं. सव्वीस म्हटलं असतं तर म्हातारा हसत घरी गेला असता.

"तात्या, यंत्र दोन जास्त दावतंय," तो म्हणाला. "तुमचं चोवीस झालंय."

वस्तादांनी मला उलटंसुलटं करून बघितलं. माझ्यावर रागावले नाहीत. उजव्या अंगठ्यानं माझी काच पुसली आणि म्हणाले, "मग चोवीसच लिव."

नवं यंत्र यायचं आहे. यावं, आनंदच आहे. मला भंगारात टाकायचं की कपाटात ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मी हट्ट करणार नाही. एवढीच विनंती आहे, की माझ्या डब्यावर शाईनं आणि ठळक लिहून ठेवा: हे यंत्र दोन किलो जास्त दाखवतं. मला त्याची लाज वाटणार नाही.